एकाच खिडकीतल्या दोघी

तपासायच्या राहिलेल्या वह्या टेबलावर जशा एकीवर एक चढत जातात, तसे आम्हा चौलच्या निवृत्त शिक्षकांचे किस्से साचत गेले आहेत. आज वरचे काही काढते.

शालिनीबाई आणि कांबळेबाई तीस वर्षे स्टाफरूममध्ये एकाच बाकावर बसल्या. निरोपसमारंभाच्या भाषणात शालिनीबाईंकडून कांबळेबाईंचे नाव घ्यायचे राहिले आणि अबोला सुरू झाला. कांबळेबाई ज्या मेसेजिंग ॲपवर होत्या, तेही शालिनीबाईंनी सोडले. "त्यांचा हिरवा ठिपका सकाळी सकाळी बघायचा नाही मला!" दोघींना पुन्हा एका बाकावर पाहावे, एवढीच माझी इच्छा होती.

माझ्या भाचीने एक प्रोग्रॅम घालून दिला. माझ्या फोनमधल्या चारही मेसेजिंग ॲपचे मेसेज एकाच खिडकीत! "मावशी, आता कुणी कुठेही रुसून बसो, तुला इथेच दिसेल."

*

व्यायामशिक्षक देशमुखसर चारही ॲपवर. रोज सकाळी माझ्या खिडकीत त्यांचे चार गुलाब उमलू लागले. मी कळवले, "सर, एक पुरे."

"बाई, हजेरी चारही वर्गांत घ्यावी लागते!"

*

रेवदंड्याच्या मासळीवाल्या जयाबाईंचा व्हॉइस मेसेज आला, "बाई, पापलेट हाय, पाठवू?" मी लिहिले, "दोन. साफ करून, अकराच्या आत." गेले ते देशमुखसरांना!

पावणेअकराला सर दारात. हातात दोन साफ केलेली पापलेटे.

"सर, तुम्ही विचारले का नाही?"

"बाईंच्या ऑर्डरला प्रश्न विचारायचा नसतो!"

*

शालिनीबाईंचा मेसेज यायचा, "सांगा त्यांना, त्यांच्या डब्यातली भाकरी आठवते. त्या आठवत नाहीत." मी तो कांबळेबाईंना धाडायचे. लगेच उत्तर, "सांगा त्यांना, अर्धी भाकरी रोज कोण खायचं?" खिडकीत दोघींची नावे एकाखाली एक, बाकावर बसल्यासारखी. मी मधली टपालपेटी!

*

मग मी माणगावला भाचीकडे गेले आणि चार्जर घरीच विसरले. तिचा माझ्या फोनला बसेना. फोन तीन दिवस बंद.

परतताना कांबळेबाईंच्या अंगणात पाहते तो काय! झोपाळ्यावर दोघी. मध्ये भाकरीचे ताट. आवाज चढलेले.

"तुमचा फोन लागेना," शालिनीबाई माझ्यावरच कडाडल्या. "यांचं उत्तर तीन दिवस अडकलेलं. म्हणून मागायला आले!"

"आणि मी अजून दिलेलं नाही," कांबळेबाईंनी भाकरीचे दोन तुकडे करत सुनावले.

मी समजूत घालायला तोंड उघडले.

दोघी एकदम म्हणाल्या, "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका!"