दिल्लीचा रस्ता, धोंडूदादाची वाडी

रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग ओतून ठेवतात, तसे आमच्या ऑफिसातले किस्से साठत गेले. काम निघेल तेव्हा निघेल, ढीग आपला वाढतोच आहे. आता रिटायर होऊन घरी बसलेय, तर म्हटलं थोडी खडी पसरून टाकू.

महाडला हायवेचं एक छोटं ऑफिस होतं, तिथे मी टायपिस्ट. रस्ता दिल्लीच्या मंत्रालयाचा, नियम दिल्लीचे, पत्रं दिल्लीची. खड्डे तेवढे आमचे! माणसं मोजकीच. डेप्युटी इंजिनीअर साहेब, हेडक्लार्क काणे, मी, आणि घाटात राबणारे मैलकुली, म्हणजे नेमून दिलेला तुकडा सांभाळणारे रस्त्याचे मजूर. त्यांच्यातला धोंडूदादा माझा सगळ्यात लाडका.

त्याची वाडी उमरठच्या वर, डोंगरमाथ्यावर. रस्ता नाही, दोन तासांची खडी चढण. सून अडली तेव्हा चौघांनी झोळी करून तिला खाली आणायला घेतलं, तर ती वाटेतच करवंदीच्या जाळीशी बाळंत झाली. दोघं वाचली, हे नशीब. पण मुलगा बायको-पोराला घेऊन मुंबईला गेला तो गेलाच. "रस्ता झाला की येतो," एवढं बोलून गेला.

तेव्हापासून धोंडूदादा ऑफिसात आला की माझ्या टेबलापाशी थांबायचा. "काय गो ताय, आमच्या वाडीच्या रस्त्याचा कागद आला का दिल्लीसून?"

"नाही हो दादा, अजून नाही."

"येल, येल," असं मलाच समजावून तो जायचा. मला फार वाईट वाटायचं.

*

दिल्लीहून दरवर्षी एक छापील तक्ता यायचा. बर्फ पडल्यामुळे रस्ता किती दिवस बंद होता? काणे त्यावर 'निरंक' लिहायचे आणि पाठवून द्यायचे. एका वर्षी ते आजारी पडले आणि तक्ता माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

पहिलं स्मरणपत्र आलं, दुसरं आलं, मग 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारून तिसरं. साहेब वैतागले. त्यांनी एका ओळीचं पत्र मला टाईप करायला लावलं, "या भागात बर्फ पडत नाही."

पंधरा दिवसांनी उत्तर हजर. "कोणत्या तारखेपासून पडत नाही, ते कृपया कळवावे."

साहेब डोकं धरून बसले. काणे तोवर बरे होऊन आले होते. त्यांनी शांतपणे लिहिलं, "कार्यालय स्थापन झाल्यापासून." फाईल बंद झाली ती कायमची.

*

कशेडी घाटात एका वळणावर मोठा गोल आरसा बसवला होता, समोरून येणारी गाडी आधीच दिसावी म्हणून. आठ दिवसांत फुटला. फोडणारा होता जवळच्या वाडीतला एक रेडा.

नुकसानीचा फॉर्मही दिल्लीचाच. वाहन कोणतं, नंबर काय, चालक दारू प्यायला होता काय? काणे बिचारे एकेक रकाना भरत होते. वाहन, रेडा. नंबर, नाही. चालक, नाही. 'अपघाताचे कारण' या रकान्यापाशी ते अडले आणि त्यांनी धोंडूदादाला बोलावलं. घाटाचा तो तुकडा त्याचाच होता.

"कारन काय सांगू काणेसाह्येब? समोरून कोन येतंय ते दिसावं म्हनून आरसा लावलात ना? त्याला दिसलं."

*

एकदा खुद्द दिल्लीचे साहेब घाट बघायला आले. सफारी सूट, मागे पाच गाड्या. आमच्या साहेबांनी सगळ्या मैलकुलींना आधीच बजावलं होतं, काही विचारलं तर "सब ठीक है" म्हणायचं. एक अक्षर जास्त नाही.

पाहुण्यांनी नेमकं धोंडूदादालाच विचारलं, "कोई तकलीफ?"

"सब ठीक है," दादा म्हणाला. मग हात वर करून डोंगर दाखवला. "वो उप्पर मेरा गाव. रस्ता नहीं."

पाहुण्यांनी समजुतीने सांगितलं, आमच्याकडे फक्त हायवे असतो, गावचे रस्ते दुसरं खातं बघतं. आमचे साहेब मागून डोळे वटारत होते. दादा जरा विचारात पडला.

"साब, हमारे डोंगर का पानी हर साल तुम्हारे रस्ते पे आता है. फिर तुम्हारा रस्ता हमारे डोंगर पे क्यूं नहीं आता?"

पाहुणे मनापासून हसले. आमच्या साहेबांना मात्र संध्याकाळपर्यंत हसू आलं नाही.

*

दोन हजार सालानंतर दिल्लीने खेड्यापाड्यांच्या रस्त्यांची योजना काढली. अट एकच, वाडीत पुरेशी माणसं राहत असली पाहिजेत. मोजणीला गावच्या रस्त्यांच्या खात्यातले एक तरुण साहेब येणार ठरले, आणि माहितीचं माणूस म्हणून आमच्या साहेबांनी मला सोबत धाडलं. काण्यांनी तारीख धोंडूदादाच्या कानावर घातली होती. दादा पोलादपूरच्या एसटीडी बूथवर जाऊन मुंबईला फोन करून आला.

आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर वाडी गजबजलेली! वर्षानुवर्षं कुलूप असलेली घरं उघडी, प्रत्येक चुलीचा धूर निघतोय. रजा टाकून अख्खी वाडी मुंबईहून आली होती. इस्त्रीची पँट घातलेला एक जण कोयता धरून उभा होता. दुसरा स्पोर्ट्स शूज घालून म्हशीखाली बसला होता आणि म्हैस त्याला कासेला हात लावू देत नव्हती. एक पोरगं आईचा पदर ओढून विचारत होतं, "मम्मी, पंखा किधर है?"

तरुण साहेब घराघरांत जाऊन माणसं मोजत होते, वहीत पेन्सिलने लिहीत होते. शेवटचं घर धोंडूदादाचं. अंगणात मुलगा, सून आणि शाळकरी नातू उभे होते. साहेबांनी वही मिटली.

"दादा, तुम्ही सरकारी माणूस. खरं सांगा, इथे राहतात किती?"

मुलगा घाईने पुढे झाला. दादाने त्याला हातानेच थांबवलं.

"आज हायत ती सगळी बघितलीत. उद्या आलात तर मी, म्हातारी, आन् आमच्यासारखीच आठ-धा मान्सं."

एवढी वर्षं वाट बघितली, आणि आता हा स्वतःच सांगून बसला.

"मग रस्ता कुणासाठी मागताय?" साहेबांनी विचारलं.

"जी उद्या जायची हायत, त्यांच्यासाठी."

साहेबांनी पाणी मागितलं. सुनेने तांब्या दिला, तो त्यांनी सावकाश रिकामा केला. मग वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि पेन्सिलने लिहिलेला आकडा होता तसा गिरवला.