दुर्गा सिस्टर होडी पळवतात

दुर्गाबाई तायडे यांना वेग आवडतो, हे त्यांना स्वतःला कळलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कळलं तेही घरापासून इतक्या लांब, की अकोल्यात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

त्यांची सगळी नोकरी बाळापूर तालुक्यातल्या खेड्यांत गेली. आधी उपकेंद्राची नर्स, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. काळ्या मातीच्या रस्त्यांनी लुना चालवत त्या गावोगाव लसी घेऊन जायच्या. पण लुना कधी दामटली नाही. मागे लसींचा डबा बांधलेला, तो हिंदकळायला नको. नोकरीची शेवटची वर्षं फार वाईट होती. फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं बैलगाडीत नाहीतर कुणाच्या मोटारसायकलवर मधे बसवून आणली जायची. काहींच्या अंगावर ते फवारताना उडालेलं असायचं, काहींनी ते स्वतःच्या हातानं घेतलेलं असायचं. सिस्टर नाकातून नळी घालून पोट धुवायच्या, सलाइन लावायच्या आणि अकोल्याला मोठ्या दवाखान्यात रवाना करायच्या. पुढे कोण वाचलं, कोण नाही, हे पुष्कळदा बाजारात कुणी भेटलं तर कळायचं.

२००६च्या सप्टेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या. मुलगी दीक्षा तेव्हा मालवणला बँकेत होती. तिनं फोन करून सांगितलं, "माय, आता तू इकडं ये. महिनाभर राह्य. बाबालेही आण."

बाबा म्हणजे शेषराव. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून निवृत्त झालेले. घराच्या गच्चीवर त्यांच्या कुंड्या होत्या आणि त्यांना सोडून दोन दिवसही कुठं जायची त्यांची तयारी नसायची. "तू जाय," ते म्हणाले. "मले समुद्र पाहून काय करा लागते?"

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरली आणि दुर्गाबाई एकट्याच निघाल्या. अकोल्याहून कल्याण, पुढे पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ. उतरल्या तेव्हा अंगावरचं पातळ घामानं चिकटलं होतं. ऊन वऱ्हाडातल्या आश्विनासारखंच, पण हवा ओली. आपल्याकडं घाम वाळतो, इथं वाळतच नाही, हे त्यांनी पहिल्या तासात दीक्षाला दोनदा सांगितलं.

रविवारी दीक्षा त्यांना जवळच्या देवबागला, नदी समुद्राला मिळते तिथं, घेऊन गेली. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. बाबल तांडेल नावाचा चाळिशीतला होडीवाला होता. फायबरची होडी, मागे मशीन. त्यानं दोघींच्या गळ्यात लाइफ जॅकेट अडकवलं आणि म्हणाला, "मावशी, घट्ट धरून बसा हां. खाडीच्या तोंडावर लाट आसा."

नदीतून होडी संथ चालली होती तोवर दुर्गाबाई काठावरचे माड पाहत होत्या. मुखापाशी पहिली लाट आली, होडीचं तोंड वर गेलं आणि दाणकन खाली आलं. खारं पाणी तोंडावर उडालं. दीक्षानं डोळे मिटले आणि ओढणी तोंडाला लावली. बाबलनं मशीन हळू केलं.

"कावून हळू केली?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मावशी, तुमका भीती वाटात म्हणून."

"मले नाई वाटत. चालव ना भाऊ, जोरात चालव."

बाबलनं दीक्षाकडं पाहिलं. दीक्षानं डोळे न उघडताच हात हलवला. होडी पळाली. पाण्याला चापट्या मारत, उडत, आदळत ती मोकळ्या समुद्रात गेली. दुर्गाबाईंचा अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. दूर एका खडकावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पायात मासा धरून बसला होता. मग बाबलनं मशीन बंद केलं आणि बोट दाखवलं. पाण्याबाहेर काळपट पाठी वर येत होत्या आणि पुन्हा आत जात होत्या. त्यातला एक डॉल्फिन होडीच्या इतका जवळ आला, की त्याच्या श्वासाचा फस्सकन आवाज आला. दुर्गाबाई हसायला लागल्या. थांबायचं नावच घेईनात.

दीक्षानं आता डोळे उघडले. तिला डॉल्फिनपेक्षा आईचंच नवल वाटलं.

संध्याकाळी शेषरावांचा फोन आला. दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं.

"इथं लोक सोयाबीन सोंगून राहिले," ते म्हणाले. "दाणा भरला नाई. तुह्या केंद्राच्या गावात कालच एकानं औषध घेतलं. अन् तू नावेत बसून हासून राहिली."

"हाव," दुर्गाबाई म्हणाल्या. "हासून राहिली." आणि मग विचारलं, "कोणाच्या घरी झालं?"

शेषरावांनी नाव सांगितलं. त्या घरातल्या दोन्ही सुनांची बाळंतपणं दुर्गाबाईंनी केली होती. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओसरीवर बसून राहिल्या. दीक्षाला वाटलं, आता आई उद्याच्या गाडीचं विचारणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच बसनं देवबागला उतरल्या आणि पातळ खोचून, चप्पल हातात घेऊन, वाळूतून चालत बाबलच्या होडीकडं गेल्या.

त्या महिन्यात गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा बाबल त्यांना नुसतंच बरोबर घ्यायचा. एकदा नदीच्या संथ पाण्यात त्यानं मशीनचा दांडा त्यांच्या हातात दिला. त्याला मूठ होती, ती पिळली की वेग वाढायचा. हे तर लुनासारखंच होतं. फक्त दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जायची, आणि ब्रेक नावाची वस्तू नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी होडी सरळ कांदळवनात घुसवली. चिखलातले खेकडे चहूकडं पळाले. बाबल पाण्यात उतरून होडी बाहेर ढकलत म्हणाला, "मावशी, थांबूचा आसात तर आदीच मूठ सोडूची."

"आधी कावून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलात खंय."

हळूहळू हात बसला. पुढच्या वर्षी आश्विनात त्या पुन्हा आल्या. तेव्हा नदीच्या मुखाबाहेर पाण्यावर जाळ्याचा एक गुंता तरंगताना दिसला. त्यात कासव अडकलं होतं. पुढचा एक पाय दोरीत करकचून आवळलेला, मान वाकडी. बाबलनं होडी जवळ नेली.

"जिता आसा," तो म्हणाला. पण त्यानं हात लावला नाही. "जाळां माझ्या चुलतभावाचा. वादळात सुटला आसतला. कापलां तर तो माका सोडूचो नाय."

"चाकू दे."

"मावशी..."

"तू नको कापू. मी कापतो."

त्या होडीच्या काठावर पोटावर पडल्या. बाबलनं त्यांचे पाय धरले. दोर मांसात रुतला होता. घाई केली असती तर पायच गेला असता, म्हणून एक एक पीळ त्यांनी वेगळा केला. कासव दोनदा फडफडलं, दोन्ही वेळा त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. शेवटचा दोर सुटल्यावर ते क्षणभर तिथंच राहिलं. मग तीन पायांनी वल्हवत खाली गेलं. चौथा पाय लोंबत होता.

"वाचात काय?" बाबलनं विचारलं.

"सांगता येत नाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

चुलतभाऊ संध्याकाळी आला आणि वाट्टेल ते बोलला. मीच कापलं, असं दुर्गाबाईंनी सांगितलं, तरी त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, बाबललाच शिव्या दिल्या. पुढचे काही दिवस दुपारी त्या बाबलच्या बायकोजवळ बसून ते होडीत घालून आणलेलं, कापलेलं जाळं पुन्हा विणायला लागल्या. त्यांच्या गाठी सैल पडायच्या. बाबलची बायको त्या सोडवायची आणि पुन्हा घालायची. जाळं परत गेलं. चुलतभाऊ मात्र त्यानंतर कधी दुर्गाबाईंशी बोलला नाही.

पार्वताबाईला बरोबर न्यायचं त्यांच्या मनात आलं ते आणखी दोन वर्षांनी. पार्वताबाई आरोग्य केंद्राची झाडलोट करायची, बाळंतपणात मदतीला उभी राहायची. तिच्या नवऱ्यालाही एक दिवस, २००४मध्ये, असंच फवारणीचं औषध पोटात गेलेलं असताना केंद्रात आणलं होतं. ड्यूटीवर दुर्गाबाईच होत्या. तो अकोल्याला पोचायच्या आधीच गेला. त्यानंतरही दोघींनी एकत्र काम केलं, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी निघाला नव्हता.

पार्वताबाईला होडी मुळीच आवडली नाही. ती मधल्या फळीवर दोन्ही हातांनी काठ धरून बसली आणि सारखी म्हणत होती, "हळू चालवा व बाई." दुर्गाबाईंनी त्या दिवशी मूठ जेमतेमच पिळली. पुढे डॉल्फिन दिसले तेव्हा मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. होडी नुसती डुलत होती. बाबल पुढच्या टोकाला उभा राहून कुठं कुठं पाठी वर येतात ते दाखवत होता.

पार्वताबाई तिकडं पाहत नव्हती. ती आपल्या हातांकडं पाहत होती.

"सिस्टर, एक विचारू काय?"

"विचार ना."

"आमी त्यायले लवकर आणलं असतं, तं ते वाचले असते काय?"

वाचले असते म्हटलं तर हिच्यावर दोष यायचा, आणि नसते म्हटलं तर हिला वाटायचं आपली समजूत काढून राहिली. दुर्गाबाई म्हणाल्या, "औषध जहाल होतं. अन् लय पोटात गेलं होतं. मी नळी टाकली तवा त्याच्या डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. घरापासून केंद्र जवळ. तुमी आणलं थे लवकरच आणलं."

"सासूबाई म्हणत, म्या उशीर केला. गाडी पाहत बसली."

"तू उशीर नाई केला."

"मले कोणी सांगतलं नाई हे."

"मी सांगाले पाहिजे होतं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तू रोज समोर होती. मले वाटे, काढावं कशाले."

पार्वताबाईनं पदरानं तोंड पुसलं. खाऱ्या पाण्यानं ते आधीच ओलं होतं. बाबलनं मागं वळून पाहिलं, दोघींचे चेहरे पाहिले आणि पुन्हा समुद्राकडं तोंड केलं. डॉल्फिन लांब निघून गेले होते.

"चला आता," पार्वताबाई म्हणाली. "मले मळमळते."

दुपारी माशाची कढी जेवताना नारळ फार घालतात, असं तिनं स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी मात्र ती वाळूवर एकटी बसली होती. थंडीच्या मुलखातून नुकते आलेले बारके पक्षी लाटेच्या काठाशी पळत होते. लाट मागं गेली की तिच्यामागं धावायचे, आली की सगळे एकदम उलटे पळायचे. पार्वताबाई त्यांना पाहत होती ती अंधार पडेपर्यंत.

पुढं दीक्षाची बदली नागपूरला झाली आणि मालवणचं घर सुटलं. तरी दुर्गाबाई दर आश्विनात जातच राहिल्या. बाबलच्या घराशेजारी एक खोली भाड्यानं मिळायची. नव्या नियमानं आता परवाना असलेल्या बाबलशिवाय दुसऱ्या कुणाला प्रवाशांची होडी चालवता येत नव्हती. मग तो सकाळी रिकामी होडी पाण्यात लोटताना नदीपुरता दांडा त्यांच्या हातात द्यायचा. गुडघे दुखायला लागले होते, होडीत चढायला हात लागायचा. बसल्यावर मात्र त्या मूठ पूर्ण पिळायच्या.

पार्वताबाई पुन्हा कधी होडीत बसली नाही. पण प्रवासाला दर वर्षी सोबत यायची. सकाळी ती वाळूवर पक्ष्यांजवळ जाऊन बसायची. मशीनचा आवाज जवळ यायला लागला, की उठायची, पातळ गुडघ्यापर्यंत खोचायची आणि होडीची दोरी धरायला पाण्यात उतरायची.