वन्संचं नाक

माझ्या नणंदेच्या नाकाने मला किती छळलं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. दूध संध्याकाळपर्यंत नासणार हे वन्संना सकाळीच कळायचं. आमचे हे बाहेर सिगारेट ओढून वर पुदिन्याची गोळी चघळत आले, तरी वन्सं नुसतं ‘हं’ म्हणायच्या आणि हे मान खाली घालायचे. एकदा मी कपाटाच्या आडोशाला उभी राहून एकटीने चॉकलेट खाल्लं, तर रात्री जेवताना त्यांनी सहज विचारलं, संत्र्याचं होतं का गं? या घरात आता मनातलंसुद्धा लपायचं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

नवरा गेल्यावर त्या दोन बॅगा घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. यांनी घरामागच्या बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये तेव्हा नुकतीच बिअर करायला सुरुवात केली होती. वन्संनी पहिल्याच आठवड्यात टाकीतली बिअर हुंगली, घोटभर तोंडात घोळवली आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय म्हणून सांगितलं. हे चिडले. मग नळ्या उघडून पाहिल्या, तर एका सांध्यातून हवा आत शिरत होती. त्या दिवसापासून वन्संनी ग्लास खाली ठेवून ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय एकही बाटली शेडबाहेर पडली नाही.

लागरमध्ये फळं घालायची कल्पनाही त्यांचीच. लागर म्हणजे थंडीत सावकाश मुरणारी, स्वच्छ चवीची बिअर. तिच्यात काही बिघडलं तर लपायला जागा नसते, असं त्या म्हणायच्या. यांना टाक्या, नळ्या, तापमान सगळं तोंडपाठ होतं. मला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवी नवरी असताना एक घोट घेतला होता, तोंड कडूजार झालं, पुन्हा ग्लासला हात लावला नाही. मी बाटल्यांना लेबलं लावायची आणि मस्करीत म्हणायची, “वन्सं, तुमच्या जिभेवर आमचं घर चालतंय.” त्या हसायच्या. ते त्यांनी किती मनावर घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. साधाच, सर्दीखोकल्याचा. चार दिवस पडून राहिल्या, पाचव्या दिवशी उठून अंघोळ केली आणि शेडमध्ये गेल्या. त्यानंतर घरात मोठी शांतता पसरली. आमच्या ह्यांना ‘हं’ ऐकू येईना. मी भात करपवला तरी कोणी काही बोललं नाही. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. माणूस आजारपणाने मवाळ झालं, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

मग ती दुपार आली. नासपतीची लागर करायची म्हणून वन्सं स्वयंपाकघरात टेबलाशी फळं सोलत बसल्या होत्या. मी मागच्या अंगणातून कपडे घेऊन आले आणि दारातच घशाला वास झोंबला. शेगडीवरचं पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती, गॅस तसाच सुरू होता, खिडक्या थंडीमुळे बंद. आणि वन्सं काडेपेटी हातात घेऊन शेगडीकडे निघाल्या होत्या. ज्योत विझलेली त्यांना दिसली होती. काडी बाहेर काढलेली होती.

मी कपडे टाकून त्यांच्या हातावर झडप घातली. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत अंगणात नेलं. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, काय झालं ते न कळल्यासारख्या. मग त्यांना कळलं, आणि आपल्याला काय झालंय ते मलाही कळलं आहे, हेही कळलं. त्या पायरीवर बसल्या.

“त्याला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो, आत्ता आपण दोघी गेलो असतो. त्यांनी ते ऐकलंच नाही. तापापासून नाक गेलं होतं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळत होतं, बाकी तोंडात घातलेलं सगळं ओल्या कापडासारखं लागत होतं. गुपचूप विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. मग चेरीची लागर कशी चाखलीत, असं मी विचारलं. चेरीची लागर तापानंतर निघाली होती आणि दुकानांत जाऊनही बरेच दिवस झाले होते.

त्यांनी सगळं सांगितलं. ग्लास तोंडाला लावायचा आणि भावाच्या चेहऱ्याकडे बघायचं. लहानपणापासून त्याच्या पोटातलं त्यांना कपाळावर दिसायचं. कपाळावरची आठी गेली की बिअर चांगली आहे असं समजायचं आणि ‘जाऊ दे’ म्हणायचं. “मला या घरात ठेवलंय ते कशासाठी?” त्या म्हणाल्या. “नाक गेलेली नणंद कोण पोसतं गं?”

मला रडू आलं आणि रागही आला. मी असं कधी मनातही आणलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. पण माझी ती मस्करी माझ्याच कानात घुमत होती. शेवटी मी गप्प बसायचं कबूल केलं, आणि तिथेच माझी झोप उडाली. त्या स्वयंपाकघरात गेल्या की मी काही ना काही निमित्त काढून मागे जायची. दूध मी हुंगायची, शिळं मी बाजूला काढायची. भीती एका माणसाकडून दुसऱ्याकडे सर्दीसारखीच लागते. त्यांचं दार रात्री लागलं तरी मी उठून बसायची.

नासपतीची लागर मुरली. नदीकाठच्या हॉटेलचा मालक दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येणार होता. त्याने पहिला घाणा आधीच मागून ठेवला होता. संध्याकाळी आम्ही तिघं शेडमध्ये जमलो. मी कोपऱ्यात लेबलांची गुंडाळी घेऊन बसले. यांनी दोन ग्लास भरले. फिकट सोनेरी रंग, वर पातळ फेस.

वन्संनी घोट घेतला आणि यांच्याकडे पाहिलं. यांनी ग्लासाला ओठ टेकवले आणि वन्संकडे पाहिलं. यांच्या कपाळावर आठी होती. वन्सं थांबल्या. हेही थांबले. इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यात बसले होते, पण माझं लक्ष लेबलांकडे असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी दोघांकडे बघत होते. यांच्या ग्लासातली बिअर कमीच झाली नव्हती. ती आठी बिअरची नव्हती, वाट बघण्याची होती. वन्संना ते सोसेना. घाबरून त्यांनी ओठ जरासे ताणले, हसल्यासारखं केलं. लगेच यांची आठी गेली. आठी गेली म्हणून वन्संच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या.

मी उठले. का उठले ते मला आजही सांगता येणार नाही. वन्संच्या हातातला ग्लास घेऊन मी नाकाशी धरला. आधी नासपती आली, पिकलेली, गोड. आणि तिच्याखाली दुसराच काहीतरी वास होता, घरातला, ओळखीचा. टेम्पो उद्या येणार होता. मी बोलले तर वन्संचं बिंग फुटणार होतं, आणि नाही बोलले तर हा घाणा लोकांच्या टेबलावर जाणार होता. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. त्यांच्या हातातल्या त्या काडीची मला आठवण झाली. न सांगितल्याने आम्ही कुठवर आलो होतो, ते मी पाहिलं होतं.

“मला लोण्याचा वास येतोय,” मी म्हटलं. “वितळलेल्या लोण्याचा.”

हे हसले. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणाले, आणि सवयीने बहिणीकडे वळले. “ताई, येतोय का गं?”

जमिनीकडे बघत वन्सं म्हणाल्या, “ताप आल्यापासून मला कसलाच वास येत नाही.”



“मग चेरीची कोणी चाखली?” यांनी विचारलं.

“तू चाखलीस ना. तुझं तोंड बघून मी हो म्हटलं.”

“मी कुठे चाखली? मी तुझं तोंड बघत होतो.”

कोणालाच हसू आलं नाही. यांच्या तोंडचं पाणी पळालं. चेरीच्या बाटल्या सगळीकडे गेल्या होत्या आणि त्यांतली बिअर आमच्यापैकी एकानेही चाखली नव्हती. प्रत्येक घाण्यातली थोडी आम्ही मागे ठेवतो. यांनी धावत जाऊन एक बाटली आणली, उघडली आणि, सिगारेटने मेलेल्या स्वतःच्या जिभेवर भरवसा नसल्याने, ग्लास भरून माझ्या पुढ्यात धरला. मी घोट घेतला. दोघं माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभे होते. मी चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू दिली नाही. चेहरे काय करून ठेवतात ते नुकतंच पाहिलं होतं.

“कडू आहे,” मी म्हटलं. “मला सगळंच कडू लागतं. मी काय सांगू?”

तेव्हा वन्सं पुढे आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता. “कडू कुठे लागतंय? गिळल्यावर राहतंय का जातंय? चेरी ताजी की शिजवलेली? पुठ्ठा, लोणी, व्हिनेगर, यातलं काही?” मी सांगत गेले, त्या विचारत गेल्या. डोळे मिटून त्या माझ्या जिभेने चव घेत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, चेरी वाचली. निव्वळ नशिबाने वाचली.

मग त्या भावाला म्हणाल्या, नासपतीचं कूलिंग बंद कर, टाकी उबेला येऊ दे, यीस्टला अजून काम करायचंय, ते लोणी तेच संपवेल. हॉटेलवाल्याला आत्ताच फोन कर. हे निमूटपणे गेले.

आम्ही दोघीच उरलो. “मी बॅगा भरते,” वन्सं म्हणाल्या.

“भरा,” मी म्हटलं. मला इतका राग आला होता की आवाज कापत होता. “आणि मग मी कोणाला सांगू लोणी का पुठ्ठा ते? नाक माझं आहे, डोकं कुठून आणू? आणि बिअर जाऊ दे चुलीत. तुम्ही गेलात तर या घरात मला चॉकलेटचं विचारणारं कोण आहे?”

त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. त्याच वेळी शेडमधल्या गारठ्याने मला शिंक आली. रडता रडता त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आपली शाल काढून माझ्या डोक्याला गुंडाळली.

आता रोज सकाळी उठल्या उठल्या मी साबणाची वडी नाकाशी धरते. तेवढा एक क्षण माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

“येतोय का?” वन्सं दारातून विचारतात.

“येतोय.”

मग मी वडी त्यांच्या हातात देते. त्या हुंगतात, बराच वेळ, डोळे मिटून. मी त्यांना काही विचारत नाही आणि त्यांच्या तोंडाकडेही बघत नाही.