साडभाऊंनी समुद्राची वाट पाहिली

पांढुर्ण्यात पाण्याच्या बाबतीत दोघांचंच चालायचं, एक ढगांचं आणि दुसरं आमच्या साडभाऊंचं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. सारी नोकरी त्यांनी गावाचे नळ सोडण्यात घातली. कोणत्या मोहल्ल्याला पाणी केव्हा, हे त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरे, आणि निवृत्त झाले तरी तो अधिकार काही अंगातून उतरला नाही. सौंसरला आमच्याकडे आले की चहाआधी पाण्याचा घोट घेत, तोंडात घोळवत आणि टाकी धुवायला झाल्याचं जाहीर करत. माझ्या पुतणीच्या लग्नात भर पंगतीतून उष्ट्या हाताने उठून त्यांनी मांडवामागचा गळका नळ सुतळीने बांधला. पाहुणे रुसले असं वाटून वधूपक्षाची मंडळी समजूत घालायला मागे धावली, तर त्यांच्यातल्याच एकाला साडभाऊंनी सुतळीचं टोक धरायला लावलं.

अशा माणसाने समुद्र मात्र पाहिला नव्हता. ताईंना तो लग्नापासून पाहायचा होता, पण आपण चार दिवस नसलो तर गाव तहानेने मरेल अशी साडभाऊंची खात्री. पुढे ताईंचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा माझ्या बायकोने ठणकावलं, आता नाही तर कधीच नाही. साडभाऊ तयार झाले, पण गर्दीचा समुद्र नको म्हणाले. "हजार लोकायनं पाय धुतलेलं पाणी काय पाहाचं?"

म्हणून थंडीत आम्ही चौघांनी थेट कच्छ गाठलं. भूजहून जीप केली. वाटेत वेड्या बाभळी, जमिनीवर पांढरं फुटलेलं मीठ, मधूनच एखादा उंट. पुढे रस्ताही संपला. वाळूच्या टेकाडावर चढून पाहतो तर ना दुकान, ना झाड, ना माणूस. आणि समुद्रही नाही. ओहोटी लागली होती. नजर जाईल तिथवर ओली वाळू नुसती चमकत होती.

साडभाऊंनी कमरेवर हात ठेवून ड्रायव्हरला विचारलं, "पाणी कुठं गेलं? टाईम काय आहे याचा?"

दुपार कलल्यावर येईल, असं तो म्हणाला. साडभाऊ भडकले. माणसं एवढ्या लांबून येतात, आधी कळवायला नको? आणि एवढं पाणी कोणी असं उघड्यावर, चावीशिवाय ठेवतं का? त्या गरीब ड्रायव्हरने शेवटी समुद्राच्या वतीने माफी मागितली. तरी साडभाऊ जीपकडे वळलेच. ताई मात्र वाळूत बसल्या.

"मी जिंदगीभर तुमच्या नळाची वाट पाहिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज तुमी पाहा."

साडभाऊ परत आले आणि त्यांच्या शेजारी बसले. जीपच्या सावलीत आम्ही घरची संत्री सोलत राहिलो. पाणी आलं ते गाजावाजा न करता, वाळूवरून सरपटत. ताई उठल्या, चपला काढल्या आणि साडी घोट्यावर धरून सरळ आत गेल्या. साडभाऊंनी काठावरून दोनदा थांब म्हणून पाहिलं. मग बुटामोज्यांसकट तेही पाण्यात उतरले आणि त्यांनी ताईंचं मनगट पकडलं. चारचौघांत त्यांना असं करताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"पायाखालचं सरकून राहिलं व," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"मंग घट्ट धरा ना."

परतताना ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या, आणि एका जागी कधी न बसणारे साडभाऊ भूज येईपर्यंत हलले नाहीत.

आता ताईंना ओसरीपर्यंत येणंही जड जातं. आम्ही भेटायला गेलो की त्या विचारतात, पुन्हा कधी जायचं? त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता साडभाऊ म्हणतात, "जाऊ ना. थंडी पडू दे." परवा गेलो तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. कोणी विषय काढला नाही. साडभाऊ उठले आणि तेल जरा कोमट करून घेऊन आले.