निकाल तिकडचा, सून इकडची

परदेशी कोर्टाचा निकाल हातात घेऊन लोक छावणी भागात आमच्या जाधव सरांच्या वकिली ऑफिसात येतात; मी त्यांची ज्युनिअर. "साहेब, हा इथं चालंल का?" एवढाच प्रश्न. उत्तर मिळायला वर्षं जातात. किस्से मात्र रोज मिळतात!

*

एका कापडवाल्या चाचांनी दुबईत भागीदाराविरुद्ध दावा जिंकला. तिथल्या कोर्टाची शिक्क्यांची अस्सल प्रत घेऊन आले, तीही कडक लॅमिनेट करून! इथल्या क्लार्कनं तिच्यावर शिक्का मारला, तर शाई त्याच्याच बाहीला लागली.

सर म्हणाले, "चाचा, आता दुसरी प्रत मागवा."

"मंगाताऊं साब. उसको भी लॅमिनेट कर दूं?"

*

एकदा टोरांटोच्या पत्त्याचं समन्स चुकून इथल्या कोर्टाच्या बेलिफच्या गठ्ठ्यात गेलं. गावभर समन्स वाटून त्याचे हात इतके सरावलेले, की त्यानं पत्ता न बघताच शेरा मारला, 'समक्ष गेलो असता घर बंद आढळले.'

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "टोरांटोला जाऊन आलात? प्रवासभत्ता घेतला का?"

"नाय साहेब, जवळच होतं!"

*

बिडकीनच्या मंगलताईची केस मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नवऱ्यानं तिला न कळवता अमेरिकेत घटस्फोट मिळवला होता. तो इथं चालणार नाही, ती अजून त्याची बायकोच आहे, एवढं तिला इथल्या कोर्टाकडून हवं होतं. मला तिचं फार वाईट वाटायचं. आणि तारखेला तिच्यासोबत कोण यायचं? तिची सासू!

सरांनी सासूबाईंना सावध केलं, "मावशी, साक्ष तुमच्या पोराच्या विरोधात जाईल."

"पोराला जन्म दिलाय, वकीलपत्र नाय दिलं!"

*

मग सासूबाईंची उलटतपासणी. नवऱ्याच्या वकिलानं आवाज चढवला, "म्हणजे अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल तुम्हाला मान्यच नाही?"

"मान्य हाय की! तिकडं नाय ती त्याची बायको. बिडकीनला हाय!"

सरांनी हसू लपवायला फाईल तोंडापुढं धरली.

*

निकाल मंगलताईच्या बाजूनं लागला. ती रडली, मीही रडले.

पुढचं तिनंच सांगितलं. थोड्या दिवसांनी नवरा बॅगा घेऊन दारात हजर! चुलीजवळ बसकण मारली आणि म्हणाला, "आई, लई भूक लागली."

मंगलताई ताट घ्यायला उठली. सासूबाईंनी तिला हात धरून खाली बसवलं आणि भाकरी थापता थापता पोराला म्हणाल्या,

"न्याय मागायला तिकडं गेलतास ना? मग भाकर बी तिकडंच माग!"