वासराच्या वाट्याचं दूध

धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या चार गावांत गाईंचं रक्त आणि दुधाच्या नोंदी गोळा करायचं काम मी दोन वर्षं केलं. इकडच्या गावठी गाई लहान चणीच्या, दूध थोडकंच. पण त्यातही एखादी दुसरीपेक्षा जास्त देते. हा फरक तिच्या जनुकांत नेमका कुठे असतो, ते शोधायचं होतं. त्यासाठी एकाच गाईचं रक्तही हवं आणि दर महिन्याला मोजलेलं दूधही. एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

एका गावात एक म्हातारी आणि तिची सून राहत. त्यांच्या तांबड्या गाईचं रक्त घेताना म्हातारीनेच शिंगं धरली होती. धार काढायची गोष्ट निघाली तशी ती उठून उभी राहिली. इथल्या गोंडांत गाईची धार काढत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण बाकीच्या घरांनी माझ्या भिडेखातर काढू दिली होती.

"रक्त नेलं, ने," ती म्हणाली. "दूध वासराचं हाय, बाई. जे माहं नाई ते तुले कसं देऊ?"

मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिने मोहाची भाजलेली फुलं खायला दिली, उत्तर मात्र तेच. परतताना नाल्याजवळ गाडी थांबवून मी वहीत आकडा लिहून टाकला. शेजारच्या गाईपेक्षा थोडा जास्त, कारण वासरू गुटगुटीत होतं. पुढचे महिनेही तसेच भरले. अंदाज फार चुकणार नाही, असं दर वेळी मनाला सांगायचे.

पावसाळा सरता सरता आमच्या संशोधनाच्या प्रमुख साहेबांचा फोन आला. इतक्या कमी चाऱ्यावर एवढं दूध, आणि महिनोन्महिने जराही घट नाही. ही गाय त्यांना स्वतः बघायची होती. वासरू मोठं होतं तसं वेताच्या शेवटी दूध आटत जातं, ही साधी गोष्ट मी खोटं लिहिताना विसरले होते. मी फोनवरच सगळं सांगितलं.  अशा आणखी किती गाई आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. एवढीच, मी म्हणाले. ते खरं होतं, पण त्यांनी का मानावं? चारही गावांच्या नोंदी रद्द झाल्या.

मी म्हातारीकडे गेले. तिच्या गाईचं रक्त वाया गेलं, हे सांगणं भाग होतं. सुनेने तिला गोंडीत समजावलं. ती रागावली नाही.

"वासराले पाजाच्या आधी तोलाचं, मंग पाजून तोलाचं," ती म्हणाली. "किती पेलं ते समजलं असतं. मले काऊन नाई विचारलं?"

तीन फेऱ्यांत मी फक्त मागितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं. आता गाय आटली होती आणि वासरू चरायला लागलं होतं.

ज्यांनी आपली रीत मोडून धार काढू दिली, त्यांना सांगायला मात्र मी गेले नाही. पुढे धानोऱ्याच्या बाजारात त्यांतलीच एक बाई भेटली. आमच्या दुधाचं काय झालं, असं तिने विचारलं. काम चालू आहे, मी म्हणाले, आणि ती मान हलवून पुढे गेली.