मस्कत किती तासांवर?

माझा मोठा भाऊ वेल्डरच्या नोकरीसाठी मस्कतला निघाला तेव्हा मी नववीत होते, आणि भूगोलात वर्गात पहिली आल्यामुळे चांगलीच शेफारलेली होते. आमच्या करावे गावातल्या घरातून विमानात बसणारा तो पहिलाच. बाबांचा सगळा जन्म खाडीत होडी वल्हवण्यात गेलेला. त्यामुळे प्रवास म्हटला की त्यातलं आपल्यालाच कळतं, अशी त्यांची पक्की समजूत.

आईला मात्र एवढंच हवं होतं: पोरगा जमिनीवर कधी उतरणार? घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमची रीत. कोणी पनवेलला गेलं तर दुपारपर्यंत केर निघायचा. पण मस्कतचं काय?

एजंटाने सांगितलेल्या वेळा भावाने वाचून दाखवल्या. जाताना सकाळी आठला सुटायचं, साडेनऊला पोचायचं. म्हणजे दीड तास. परतीच्या विमानाच्या वेळा मोजल्या तर चांगले साडेचार तास भरले. भाऊ गोंधळला, बाबा अजिबात नाही.

"जाताना पान्यासोबत, येताना पान्याच्या उलटं. येल लागनारच," ते म्हणाले.

मी शाळेचं नकाशांचं पुस्तक उघडलं. बाबांच्या जाळ्यातला दोरा मुंबईपासून मस्कतपर्यंत ताणला आणि नकाशाखालच्या पट्टीवर मोजला. दीड हजार किलोमीटरच्या थोडं वर. विमानाचा वेग धरला, चढण्या-उतरण्याचा वेळ धरला, तर तीनेक तास होत होते. आणि दोरा तर जाताना-येताना तेवढाच! मग डोक्यात प्रकाश पडला. मस्कतला सूर्य आपल्यानंतर उगवतो, तिथली घड्याळं दीड तास मागे. जायला तीन, यायलाही तीनच.

"वर आभाळात कसली आलीय भरती-ओहोटी, बाबा!"

"तू गेल्तीस वर बगायला?"

भाऊ पहाटे गेला. ओटीवर त्याच्या चपलांची माती, सांडलेले पोहे, पेटी बांधून उरलेली सुतळी तशीच पडून होती. साडेनऊला बाबा म्हणाले, "उतरला. काढ केर." आई हलली नाही. अकराला मी जाहीर केलं, "आता नक्की उतरला." तरी नाही.

"तुमी दोगं बरोबर असाल," ती म्हणाली, "पन त्याचा आवाज आयकल्याबिगर मी झाडूला हात लावनार नाय."

माझ्या गणिताला तिने बाबांच्या ओहोटीच्या रांगेत बसवलं, याचा मला भयंकर राग आला. दिवसभर ती त्या पसाऱ्यात बसून राहिली. खरं तर उंबऱ्यावर वाळूचा कण दिसला तरी तिला चैन पडत नसे.

ट्रंक कॉल लागेपर्यंत दिवेलागण झाली. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर भाऊ एवढंच बोलला, "आई, पोचलो. जेवलो." ती घरी आली आणि तडक झाडू उचलला.

"अगं, दिवे लागलेत," बाबा घाबरून म्हणाले, "लक्ष्मी जाईल घरातली."

ती लक्ष्मी यावी म्हणूनच तर भावाला एवढ्या लांब धाडलं होतं.

"जावं दे गेली तर," आई म्हणाली. "माजा पोर पोचला."

ती रडत होती आणि झाडत होती. तिला खालचंही झाडता यावं म्हणून बाबांनी भावाची खाट उचलून धरली.